लीचेसचे डाव-विश्लेषण : दोन ज्युनिअर खेळाडूंच्या एका डावाच्या निमित्ताने

बुद्धिबळ स्पर्धेतला डाव संपतो, दोघे खेळाडू स्कोअरशीटवर, म्हणजे खेळ्यांची नोंद केलेल्या पत्रिकेवर, सह्या करतात, पंच निकाल टिपून घेतात आणि मुले खेळाच्या दालनातून बाहेर पडतात. त्यानंतरच्या तासाभरात त्या डावाचे काय होते, यावर ज्युनिअर खेळाडूची वाढ बरीच अवलंबून असते, असे मुलांबरोबर पटावर बसण्यात गेलेल्या इतक्या वर्षांनंतर मला वाटते. पूर्वी हा तास दोघांनी मिळून मोहरी पुन्हा मांडण्यात आणि ‘इथे तू हत्ती का हलवलास?’ असे एकमेकांना विचारण्यात जात असे. आता तो बहुधा एखाद्या संकेतस्थळावर डाव चढवून इंजिनाचा, म्हणजे खेळ्या मोजणाऱ्या संगणकीय प्रणालीचा, निकाल ऐकण्यात जातो. या कामासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सेवांपैकी लीचेस ही एक आहे. तिच्या सोयींची यादी करण्यापेक्षा एकच खरा डाव घेऊन ती कुठे उपयोगी पडली आणि कुठे अपुरी ठरली, ते सांगणे मला अधिक योग्य वाटते.

सेवेची ओळख थोडक्यात करून देतो. फ्रेंच प्रोग्रॅमर तिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये लीचेस सुरू केले. ते नफा न मिळवणाऱ्या संस्थेच्या स्वरूपात, देणग्यांवर चालते. त्यावर जाहिराती नाहीत आणि पैसे भरल्याशिवाय न उघडणारे असे काहीही नाही. देणगीदाराला मिळते ते नावापुढचे एक पंखांचे चिन्ह, अधिकची सोय नव्हे. आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. विश्लेषणासाठी स्टॉकफिश हे इंजिन वापरले जाते आणि ते दोन प्रकारे चालते : एक तर आपल्याच ब्राउझरमध्ये, म्हणजे आपल्या यंत्राच्या ताकदीवर, नाही तर ‘संगणकीय विश्लेषण’ मागितल्यावर स्वयंसेवकांनी उपलब्ध करून दिलेल्या संगणकांवर, जिथे संपूर्ण डाव तपासून प्रत्येक खेळीवर शेरा मिळतो. ज्या पालकांनी मुलाच्या बुद्धिबळावर आधीच पुरेसा खर्च केलेला असतो, त्यांच्या दृष्टीने ‘फुकट’ या शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको. परंतु फुकट मिळते म्हणून दोषांकडे डोळेझाक करावी, असेही नाही.

डाव होता तेरा वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा यांच्यातला. मुलगी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होती. प्रत्येकाला ९० मिनिटे आणि पहिल्या खेळीपासून प्रत्येक खेळीला ३० सेकंदांची भर, असा वेळेचा नियम होता. डाव ६४ खेळ्यांपर्यंत चालला आणि बरोबरीत सुटला. दोघेही बाहेर आले तेव्हा मुलीचा चेहरा हरल्यासारखा होता आणि मुलाचा जिंकल्यासारखा, त्यामुळे बरोबरीचा अर्थ दोघांसाठी सारखा नव्हता हे उघड होते.

पहिली उपयुक्त गोष्ट घडली ती इंजिन सुरू होण्याच्याही आधी. खेळ्या पटावर भरत असताना सतराव्या खेळीला अडखळलो, कारण काळ्याचे दोन्ही घोडे एकाच घरात जाऊ शकत होते आणि मुलाने कोणता घोडा ते लिहिलेले नव्हते. चूक घोडा हलवून आम्ही पुढे गेलो, तेव्हा तीन खेळ्यांनंतर पटाने पुढची खेळी स्वीकारायलाच नकार दिला, कारण ती नियमाबाहेर होती. मग मुलीची स्कोअरशीट काढली, दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या आणि गुंता सुटला. पटाने असे अडवणे हा काही मोठा तांत्रिक चमत्कार नाही. पण आपली नोंद दुसऱ्याला वाचता आली पाहिजे, हे मी वर्षभर तोंडाने सांगत होतो ते त्या पटाने अर्ध्या मिनिटात पटवून दिले.

सुरुवात ‘टू नाइट्स’ बचावाची होती. पांढऱ्याने चौथ्या खेळीला घोडा जी५ वर आणला (घराच्या नावातले अक्षर उभ्या स्तंभाचे, आकडा आडव्या ओळीचा), काळ्याने प्यादे देऊन वेळ विकत घेतला आणि आठव्या खेळीला पांढरा उंट ई२ वर परतल्यावर काळ्याने एच६ खेळून घोड्याला हुसकावले. इथे बहुतेक जण घोडा एफ३ वर नेतात. मुलीने तो एच३ वर, पटाच्या कडेला नेला आणि ही आपली स्वतःची शोधलेली खेळी आहे असे तिने मोठ्या अभिमानाने सांगितले. लीचेसचा ‘ओपनिंग एक्स्प्लोरर’ उघडल्यावर तो अभिमान थोडा ओसरला. त्या स्थितीत कोणत्या खेळ्या किती डावांत झाल्या आणि त्यांचे निकाल काय लागले हे तिथे पट्ट्यांच्या रूपात दिसते, आणि ही खेळीही त्यात होती. बॉबी फिशरने १९६३ मध्ये आर्थर बिस्गायरविरुद्ध हीच खेळी करून डाव जिंकला होता, हे मी तिला सांगितले तेव्हा तिचा अभिमान दुप्पट होऊन परत आला.

या एक्स्प्लोररची एक मर्यादा मात्र इथेच ध्यानात येते. त्यातला मास्टर खेळाडूंचा संग्रह १९५२ पासूनचा आहे. ही एच३ ची खेळी त्याहून कितीतरी जुनी आहे. विल्हेल्म स्टाइनिट्झने १८९० च्या दशकाच्या आरंभी मिखाईल चिगोरिनशी तारेने खेळलेल्या सामन्यात ती केली होती. ती कहाणी केवळ या पट्ट्यांवर विसंबणाऱ्याला कधीच कळणार नाही. दुसऱ्या बाजूला, लीचेसवर सामान्य खेळाडूंनी खेळलेल्या डावांचा जो प्रचंड संग्रह आहे, तो मानांकनाच्या, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्याच्या, गटांनुसार गाळून पाहता येतो, आणि ज्युनिअर खेळाडूसाठी मला हा भाग मास्टरांच्या संग्रहापेक्षाही उपयोगी वाटतो. ग्रँडमास्टर घोडा एच३ ला काय उत्तर देतात यापेक्षा आपल्याच पातळीचा प्रतिस्पर्धी काय उत्तर देण्याची शक्यता आहे, हे तेरा वर्षांच्या मुलीला पुढच्या फेरीत अधिक कामाला येते. या डावात काळ्याने उंट सी५ वर आणला, दोघांनी किल्लेकोट केला आणि बाराव्या खेळीपर्यंत काळ्याने आपला उंट देऊन एच३ वरचा घोडा मारला. पांढऱ्याची एच स्तंभात दोन प्यादी एकामागे एक उभी राहिली, राजासमोरची भिंत फुटली आणि बदल्यात उंटांची जोडी हाती राहिली. या दोन प्याद्यांकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे संगणकीय विश्लेषण. मागणी केल्यावर थोड्याच वेळात आलेख तयार होतो, प्रत्येक बाजूच्या ढिल्या खेळ्या, चुका आणि घोडचुका मोजून दाखवल्या जातात आणि शेवटी प्रत्येकाला ‘अचूकता’ टक्क्यांत मिळते. मुलांची नजर थेट या टक्क्यांवर जाते. मुलीची अचूकता मुलापेक्षा तीन टक्क्यांनी अधिक निघाली आणि ‘तरी बरोबरी कशी?’ हा तिचा पहिला प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की ही संख्या प्रत्येक खेळीगणिक जिंकण्याची शक्यता किती घटली यावरून काढली जाते. लांब चाललेल्या अंतिम पर्वातल्या सोप्या, जवळजवळ सक्तीच्या खेळ्याही तीत चांगले गुण मिळवून देतात आणि एकाच क्षणी केलेली घात करणारी चूक साठ बऱ्या खेळ्यांच्या गर्दीत झाकली जाते. हा आकडा पटाखाली दडवून ठेवण्याची सोय असती तर मी ती मुलांसाठी नेहमी वापरली असती.

त्याहून अधिक विचार करण्यासारखी गोष्ट मूल्यांकनाच्या मुळाशी आहे. इंजिन स्थितीचे मूल्य प्याद्यांच्या हिशोबात सांगते आणि लीचेस त्याचे रूपांतर जिंकण्याच्या शक्यतेत करते. एका प्याद्याची आघाडी म्हणजे सुमारे ५९ टक्के आणि तीन प्याद्यांएवढी आघाडी म्हणजे सुमारे ७५ टक्के, असे त्या सूत्रातून निघते. हे सूत्र २३०० च्या आसपास मानांकन असलेल्या खेळाडूंच्या डावांवरून बसवलेले आहे आणि लीचेसने ते उघडपणे सांगितलेलेही आहे, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. परंतु आमचे दोन्ही खेळाडू त्या पातळीपासून बरेच दूर आहेत. त्यांच्या डावात तीन प्याद्यांची आघाडी एका खेळीत जाते आणि दुसऱ्या खेळीत परतही येते. त्यामुळे आलेखातल्या प्रत्येक चढउताराला सारखे महत्त्व देऊन मुलाला ‘इथे तुझ्या सात चुका झाल्या’ असे सुनावणारे पालक मला दिसतात, तेव्हा तो आलेख त्यांच्या हाती देणाऱ्यालाच दोष द्यावासा वाटतो, आणि तो बहुधा मीच असतो.

डावाचा कस लागला तो ५६ व्या खेळीला, आणि तिथे मात्र या सेवेने जे दाखवले ते कोणत्याही शिक्षकाला क्वचितच इतक्या खात्रीने दाखवता आले असते. स्थिती साधी होती. पांढऱ्याचा राजा डी५ वर, उंट डी३ वर आणि प्यादी सी५, एच३ व एच४ वर. काळ्याचा राजा एफ६ वर आणि घोडा एफ५ वर. काळ्याचे एकही प्यादे उरलेले नव्हते. घोडा नुकताच एफ५ वर आला होता आणि एच४ च्या प्याद्यावर डोळा ठेवून होता. मुलीने प्याद्याची चिंता सोडून सी६ खेळले, कारण हे मोकळे, म्हणजे समोर प्रतिस्पर्ध्याचे प्यादे नसलेले, प्यादे आता दोनच पावलांत वजीर होणार होते. काळ्याने घोडा ई७ वर नेऊन शह दिला. तोच घोडा सी६ च्या प्याद्यावरही होता. राजा कुठेही गेला तरी घोडा ते प्यादे घेणार, राजा घोड्याला मारणार आणि उरणार पांढऱ्या घरांतला उंट व एच स्तंभातली दोन प्यादी. काळा राजा एफ६ वरून दोन खेळ्यांत एच८ च्या कोपऱ्यात जातो. ते घर काळे आहे आणि हा उंट आयुष्यभर फिरला तरी त्या घरावर मारा करू शकत नाही, म्हणून काळ्या राजाला तिथून हटवून प्यादे वजीर करता येत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. एकाऐवजी दोन प्यादी असली तरी फरक पडत नाही. बुद्धिबळातला हा ‘चुकीचा उंट’ मुलाला ठाऊक होता. मुलीलाही ठाऊक होता, पण पुस्तकातल्या पानावर.

पटावर त्या क्षणी राजे धरून सात मोहरी होती, आणि सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व स्थितींचा निर्णायक कोश, ज्याला टेबलबेस म्हणतात, लीचेस विनामूल्य पाहू देते. अशा स्थितींची संख्या ४२३ लाख कोटींच्या वर आहे आणि त्यांतल्या प्रत्येकीचा निकाल अंदाजाने नव्हे, तर शेवटापर्यंत मोजून काढलेला असतो. इंजिन ‘मला असे वाटते’ म्हणते. टेबलबेस ‘असे आहे’ म्हणतो. त्याने सी६ या खेळीसमोर बरोबरी दाखवली आणि उंटाने एफ५ वरचा घोडा मारण्याची खेळी विजयाच्या रांगेत ठेवली. मुलीला ते आधी पटेना. आपला चांगला उंट, जो काळ्याच्या घोड्यापेक्षा साऱ्या डावभर वरचढ होता, तो आपणहून का द्यायचा? मग तिने स्वतः पटावर मोजले : उंटाने घोडा मारला, राजाने उंट मारला, आता सी६. काळ्या राजाला ई६ वर येता येत नाही, कारण ते घर पांढऱ्या राजाच्या ताब्यात आहे. एफ६ वर येईपर्यंत प्यादे सी७ वर पोहोचते आणि ई७ वर येईपर्यंत वजीर होतो. काळ्याने उंट मारलाच नाही, तर पांढऱ्याकडे एक मोहरे आणि तीन प्यादी जादा. जो उंट कोपऱ्यात कुचकामी ठरणार होता, तो घोड्याच्या बदल्यात देऊन टाकणे हाच त्याचा सर्वांत मोठा उपयोग होता. ‘घोडचूक’ हा शब्द या खेळीइतका चपखल मला दुसरीकडे कुठे बसलेला दिसलेला नाही.

इथपर्यंत सेवेला पैकीच्या पैकी गुण द्यायला माझी हरकत नव्हती. परंतु त्या खेळीखाली तिचा शेरा काय होता? ‘घोडचूक. उंटाने एफ५ वर मारणे सर्वोत्तम होते.’ एवढेच. का, ते नाही. चुकीच्या उंटाचा, कोपऱ्याचा, मोकळ्या प्याद्याच्या शर्यतीचा उल्लेख नाही. बारकाईने बघणाऱ्याला पुढच्या खेळ्यांच्या ओळीतून कारण शोधता येते, परंतु तेरा वर्षांच्या खेळाडूला ओळ दिसते, कारण दिसतेच असे नाही. ‘चुकांमधून शिका’ ही सोय काही अंशी ही उणीव भरून काढते. ती उत्तर झाकून तीच स्थिती समोर ठेवते आणि योग्य खेळी स्वतः शोधायला लावते. पण तीही केवळ शिक्का बसलेल्या चुकाच पुढे आणते.

या डावातली सर्वांत शिकण्यासारखी खेळी मात्र शिक्का न बसलेलीच होती. चौतिसाव्या खेळीला मुलीने काळ्या घरांतला आपला उंट प्रतिस्पर्ध्याच्या उंटाशी बदलून टाकला. आलेखाची रेषा तिथे जेमतेम हलली, कारण त्या घटकेला पटावर हत्ती होते, दोन्हीकडे प्यादी होती आणि बदलाने काही बिघडत नव्हते. पण एच स्तंभातली ती दोन प्यादी बाराव्या खेळीपासून उभी होती; ती वजीर होणार तर एच८ वर, काळ्या घरात; आणि त्या घरावर राज्य करणारा उंट तिने बदलून टाकला होता. अनुभवी खेळाडू तिथे क्षणभर थांबून ‘मोहरी कमी होत गेली तर यांतला कोणता उंट मला हवा आहे?’ असा विचार करतो. इंजिनाला तो विचार करण्याची गरजच नसते. ते प्रत्येक स्थिती नव्याने मोजते, आणि म्हणून बारा, चौतीस व छप्पन्न या तीन खेळ्यांना जोडणारा धागा त्याच्या अहवालात कुठेच आढळत नाही. तो आम्हाला आढळला, कारण इंजिन बंद करून मी दोघांनाही फक्त एकच विचारले होते : ‘बरोबरी होईल असे तुम्हाला प्रथम केव्हा वाटले?’ मुलाने ५६ वी खेळी सांगितली नाही. ‘सर, उंट बदलले तेव्हाच मी एच८ कडे पाहून ठेवलं होतं,’ असे तो म्हणाला. यात थोडी बढाई असेलही. तरी अहवालात नसलेली एवढी महत्त्वाची माहिती दुसरी नव्हती.

दुसरी उणीव वेळेची. डाव लीचेसवरच खेळला असेल तर प्रत्येक खेळीला किती वेळ लागला, याचा आलेखही मिळतो आणि तो उत्तम आहे. पटावरचा डाव स्कोअरशीटवरून चढवला, तर तिथे लिहिलेलेच नाही ते त्याला कुठून कळणार? ५६ व्या खेळीला मुलीच्या घड्याळात दीड मिनिट होते आणि मुलाच्या घड्याळात अकरा. हे कळल्याशिवाय तिच्या चुकीचा अर्थ लागत नाही. ते अंतिम पर्वाचे अज्ञान होते की पंधराव्या ते पंचविसाव्या खेळीत उधळलेल्या चाळीस मिनिटांची किंमत होती, हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. हा दोष अर्थातच सेवेचा नाही. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार स्कोअरशीटवर खेळ्यांबरोबर घड्याळातली वेळही लिहिता येते, परंतु मी पाहिलेल्या ज्युनिअर स्पर्धांत ते करणारी मुले फारच थोडी असतात. दर पाच खेळ्यांनी उरलेली मिनिटे खेळीशेजारी टिपली, तर या साऱ्या विश्लेषणाची उपयुक्तता कितीतरी वाढते.

पालक आणि प्रशिक्षकांसाठी एक व्यावहारिक सूचना. मुलांचे डाव ‘इम्पोर्ट’ करून चढवण्याऐवजी ‘स्टडी’ या सोयीत खासगी ठेवावेत. इम्पोर्ट केलेला डाव सर्वांना पाहता येण्याजोगा होतो आणि त्यात घेतलेले पर्यायी मार्गही टिकत नाहीत. एका स्टडीत ६४ प्रकरणे मावतात, म्हणजे एका खेळाडूचे हंगामभराचे डाव एकत्र राहू शकतात. ज्यांना आपण सदस्य करू त्यांनाच ते दिसतात आणि दोन खेळाडू दोन ठिकाणी बसूनही एकाच पटावर मोहरी हलवू शकतात. खेळींखाली स्वतःच्या शब्दांत टिपण लिहिता येते. माझ्या मते लीचेसचा खरा दागिना हाच आहे, आणि नवखे लोक नेमके तिथपर्यंत पोहोचत नाहीत, कारण इंजिनाचा खटका आधी हाताला लागतो. मी तरी आता क्रम ठरवून टाकला आहे : आधी दोघांच्या टिपणांसह स्टडी, मग संग्रह, सर्वांत शेवटी इंजिन आणि टेबलबेस.

त्या दिवशी ५६ व्या खेळीची स्थिती घेऊन दोघे ‘इथून पुढे खेळा’ या सोयीवर बाजू बदलून खेळले. मुलाने पांढऱ्याकडून क्षणाचाही विलंब न लावता उंटाने घोडा मारला. नंतर मुलीने स्टडी उघडली आणि सी६ च्या खाली आपले टिपण लिहिले : ‘दीड मिनिट होते. एच४ चे प्यादे बघत बसले. ई७ वरचा शह दिसला नाही.’